सोमवारी जायचं आहे

गुरुवार, संध्याकाळ. मुकुटबन.

फुटबॉल क्लबनं माझा करार वाढवला नाही, हे घरी अजून सांगितलं नाही. सुट्टी आहे म्हटलं. महिना झाला. गुडघा आजही सुजलेलाच.

दुपारी शेजारच्या प्रमिलाकाकूनं अंगणात पकडलं. "काहून रे, तुयी टीम तुले इसरली का?" मी नुसता हसलो. काकूची शेळी माझ्या बुटाची लेस चघळत होती, तिकडंच पाहत राह्यलो. तेवढ्यात माय आतून बोलली, "सोमवारी चालला तो. कोच फोनवर फोन करून राह्यला."

कोणता कोच? तो तर माझा फोन उचलत नाही.

काकू गेल्यावर मायले विचारलं, खोटं काहून बोलली? ती माझा गुडघा शेकायला बसली. "मले समजते सारं. तू रोज लंगडतं, फोन घेऊन बसतं. पण इथं बसला तर हे लोक तुले हासतीन. जाय बाप्पा, कुठंबी काम धर. तू टीममध्येच हाय, असं मी साऱ्यायले सांगीन."

राग यायला पाहिजे होता. आला नाही.

आता ती प्रवासासाठी चिवडा करून राह्यली. म्हणते, जाताना क्लबची जर्सीच घाल, स्टँडवर सारे पाहतीन. बस कोणती धरायची, ते काही बोलली नाही.