आभारातले दुसरे नाव

मी, आउने एलिना कोर्पेला, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, निवृत्त प्राध्यापिका, राहणार कोइवुरांता, या लेखाने जाहीर करते की माझे गुडघे गेले आहेत, उजवा कान गेला आहे, पण डोके जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हा लेख मी कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही. दबाव आणण्याइतके जवळ मी कोणाला येऊ दिलेले नाही. सन २०११ मध्ये केलेले माझे मृत्युपत्र आजपासून रद्द समजावे. त्याची एक प्रत प्रोफेसर एस्को पुल्किनेन यांच्याकडे आहे. ती त्यांनी सौनाची, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघराची, शेगडी पेटवायला वापरली तरी हरकत नाही.

१. मला नवरा नाही, मूल नाही, बहीण होती ती गेली. तेव्हा गावातली राहती जागा विकावी आणि आलेली रक्कम, बँकेतल्या शिल्लकेसह, कलम ५ मध्ये सांगितलेल्या निधीत टाकावी. स्वयंपाकघरातला नळ गळतो, हे घेणाऱ्याला आधी सांगावे.

२. वनस्पतिशास्त्र विभागाला माझे तैलचित्र भिंतीवर लावायचे आहे, असे कानावर आले. देऊ नये. माझ्या निवृत्तीला विभागाने दिलेले काचेचे फूलपात्र मात्र साभार परत करावे. त्याच वर्षी निवृत्त झालेल्या आणखी दोघांच्या घरी मी तेच फूलपात्र पाहिले आहे.

३. अवजारे. दलदलीत खोल खुपसून मातीचा उभा गाभा बाहेर काढायची माझी नळी, तिच्या सहा जोडदांड्या, आणि सूक्ष्मदर्शक. दहा हजार वर्षांपूर्वी इथे कोणती झाडे होती ते त्या मातीतल्या परागकणांवरून कळते. माझे सगळे आयुष्य त्यात गेले. ही नळी माझ्यापेक्षा चांगली चालवणारी एकच विद्यार्थिनी मला मिळाली, हेल्का राउटिओ. ती कंबरभर चिखलात उभी राहून गाभा असा काढायची की एक थर हलायचा नाही. खरे तर अवजारे तिचीच. पण तिने ती नको म्हणून सांगितले आहे. ती विभागातल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना द्यावीत, आणि नळीच्या दांड्या दर वसंतात तेल लावून पुसाव्यात.

४. हेल्काला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. याचे कारण लिहिणे भाग आहे, कारण मी गेल्यावर लोक भलतेच कारण लावतील.

ती माझ्याकडे सहा वर्षे होती. उत्तरेकडच्या एका लाकूडतोड्याची मुलगी, चार कपडे आणि एक चांगला कोट. कौतुक केले की विद्यार्थी सैलावतो, असे माझे ठाम मत होते. सहा वर्षांत मी तिला एकदाही 'चांगलं केलंस' म्हटले नाही. तिचा पहिला लेख छापून आला तेव्हा मी तिला त्यातली स्वल्पविरामाची चूक दाखवली. ती 'हो' म्हणाली आणि पुन्हा चिखलात गेली. तिच्याबद्दल जे जे चांगले वाटत होते ते मी एका भाषणासाठी राखून ठेवले होते.

आमचे वकीलसाहेब विद्यापीठात फारसे रमले नाहीत, म्हणून खुलासा करते. पीएच.डी.ची तोंडी परीक्षा भरसभेत होते आणि त्याच संध्याकाळी नवा डॉक्टर जेवण देतो. त्याला आम्ही कारोंक्का म्हणतो. जेवणानंतर तो आभार मानतो. पहिले नाव बाहेरून आलेल्या परीक्षकाचे, दुसरे सभेच्या अध्यक्षाचे, म्हणजे मार्गदर्शकाचे, मग बाकी सगळे. ज्यांची नावे घेतली गेली ते त्याच क्रमाने उठून उत्तर देतात. ज्याचे नाव आले नाही, त्याने गप्प बसायचे.

२००३ च्या मे महिन्यात हेल्काचे कारोंक्का झाले. माझ्या पर्समध्ये दोन कागद होते. एक माझे भाषण, चार पाने. दुसरा विभागातल्या कायम संशोधकाच्या जागेसाठी माझी शिफारस, तिच्या नावाने, सहीसकट. भाषणाच्या शेवटी तो कागद तिच्या हातात द्यायचा, असे मी ठरवले होते. टेबलाच्या टोकाला तिचे आईवडील बसले होते, वडिलांच्या गळ्यात उसना टाय.

हेल्का उठली. पहिले नाव परीक्षकाचे घेतले. दुसरे नाव ग्रंथपालाचे. तिसरे प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाईंचे. माझ्या शेजारी आदल्या वर्षी डॉक्टर झालेला माझा विद्यार्थी एस्को पुल्किनेन बसला होता. तो माझ्याकडे झुकून म्हणाला, "विसरली वाटतं. होतं असं कुणाकुणाचं." चौथे नाव तिला गाडीतून दलदलीपर्यंत सोडणाऱ्या टपालवाल्याचे होते. ते ऐकून मी उठले. एस्कोने धावत जाऊन माझा कोट आणला, बाहेरपर्यंत पोचवायलाही आला.

सोमवारी मी शिफारशीवरचे नाव बदलून एस्कोचे केले. त्याचा प्रबंध बेताचा होता. मला ते माहीत होते, समितीलाही माहीत होते. पुढच्या दोन वर्षांत तीन विद्यापीठांतून हेल्काविषयी विचारणा आली. तिन्हींना मी एकच वाक्य लिहिले, 'कामात नियमित आहे.' आमच्या व्यवसायात नियमित म्हटले की माणूस संपला. ती संपली. उत्तरेकडच्या एका शाळेत शिक्षिका म्हणून लागली.

कारोंक्कानंतरच्या मंगळवारी तिचे पाकीट आले होते. माफीनामे वाचायची मला हौस नव्हती. ते मी न उघडता खणात टाकले. या फेब्रुवारीत मृत्युपत्रासाठी कागद आवरताना उघडले. आत तिच्या भाषणाचे शेवटचे पान होते. ते असे:

'शेवटचे नाव मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. आमच्या गावी लग्नात आईचे आभार सगळ्यांच्या शेवटी मानतात, कारण त्यानंतर बोलण्यासारखे काही उरत नाही. सहा वर्षांत प्रोफेसर कोर्पेलांनी मला एकदाही शाबासकी दिली नाही. ती मिळावी म्हणून मी काम करत राहिले. आज त्या काय बोलतात ते ऐकायला माझे आईवडील तीनशे किलोमीटरवरून आले आहेत.'

खाली पेन्सिलीने लिहिले होते, 'तुम्ही गेला होतात. मी हे रिकाम्या खुर्चीकडे बघून वाचलं.'

मी तिला फोन केला. जे बोलणे झाले ते तसेच्या तसे लिहिते.

"हेल्का, मी आउने कोर्पेला. तुझं पाकीट आज उघडलं."

"कुठलं पाकीट?"

"कारोंक्कानंतरचं."

मागे शाळेतल्या मुलांचा गोंगाट ऐकू येत होता. तिने दार लावले असावे, कारण तो थांबला.

"बरं. मग?"

"मला शेवटी ठेवायचं तुला कोणी सांगितलं? क्रम ठाऊक नव्हता?"

"नव्हता. आमच्या घरात मी पहिलीच. म्हणून एस्कोला विचारलं होतं. आदल्या वर्षी त्याचं झालं होतं ना. तो म्हणाला, फार सुंदर कल्पना आहे, बाईंना आवडेल."



"हे तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तीनदा आले तुमच्या दाराशी. तुम्ही आतून 'कामात आहे' म्हणालात. मग पत्र पाठवलं. आणखी काय करायचं होतं, प्रोफेसर? खिडकीतून उडी मारून आत यायचं होतं?"

"ती जागा तुझी होती. कागद माझ्या पर्समध्ये होता."

"माहीत आहे. कार्यालयातल्या बाईंनी पुढच्याच वर्षी सांगितलं. 'कामात नियमित'सुद्धा माहीत आहे."

मी तिला म्हटले की तळ्याकाठचे माझे घर, अवजारे, पुस्तके, सगळे तिच्या नावावर करते.

"मला तळ्याकाठी घर नको. मला तेव्हा काम हवं होतं. आता मी तेरा वर्षांच्या पोरांना पानाचे भाग शिकवते. बरं शिकवते."

"माझं भाषण अजून आहे. चार पानं. आत्ता वाचून दाखवू?"

"कोणाला? बाबा गेले, आई गेली. बाबा तर शेवटपर्यंत विचारायचे, त्या बाई न बोलता का उठून गेल्या, तू काही वाईट वागलीस का त्यांच्याशी? त्यांचं समाधान मी कधी करू शकले नाही."

मी माफी मागायला तोंड उघडले. तिला ते कळले असावे.

"ते मागू नका. मागितलीत तर द्यावी लागेल, आणि मला द्यायची नाही. तास आहे माझा. ठेवते."

वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. एस्कोने केसाने गळा कापला हे खरे, पण एकोणीस वर्षे पाकीट बंद ठेवणारा हात माझा होता. मला वाईट वाटते. ते इथे लिहून ठेवते, कारण ऐकून घेणारे आता कोणी नाही. चार पानांचे भाषण माझ्या शवपेटीत ठेवून माझ्याबरोबर जाळावे.

५. निधी. वरील सर्व रकमेतून पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी एक निधी स्थापन करावा. त्याला माझे नाव देऊ नये. हेल्काचेही देऊ नये. तिला मी पत्राने विचारले होते, तिने एका ओळीत नकार कळवला. या निधीतून दरवर्षी एका विद्यार्थ्याला दोन वर्षांचा निर्वाहखर्च द्यावा. अट एकच, त्याच्या मार्गदर्शकाने त्याला शिफारस द्यायला नकार दिलेला असावा किंवा ती थंड शब्दांत दिलेली असावी. गोडगोड शिफारसपत्र जोडलेला अर्ज न वाचता बाजूला ठेवावा. असा अर्जदार कोणाच्या तरी मेजवानीत नीट बसलेला आहे, त्याला आमची गरज नाही. निवड समितीत आमच्या विभागातले कोणीही नसावे. निवड झालेल्याला पत्र पाठवताना त्याच्या कामात नेमके काय चांगले आहे, ते निदान पाच ओळींत लिहावे. ही शेवटची सूचना पाळली नाही तर निधी बंद करून पैसे सरकारजमा करावेत.

६. तळ्याकाठचे घर, सौना, होडी आणि नावेचा धक्का. २०११ च्या मृत्युपत्राने हे मी एस्को पुल्किनेनला दिले होते. तेव्हापासून तो दर उन्हाळ्यात तिथे राहतो. गेल्या वर्षी त्याने मला न विचारता धक्का रंगवला, आणि सौनाच्या जागी मोठी खोली बांधायचा नकाशा काढून घेतला आहे. आयत्या बिळावर नागोबा व्हायची त्याला जन्माची सवय. विभागातली खुर्चीही तशीच मिळाली. ते घर आता निधीचे. प्रबंध लिहून पूर्ण करायला ज्यांना शांत जागा हवी, त्या विद्यार्थ्यांनी तिथे राहावे. एस्कोचे कपडे, गळ आणि काढलेला नकाशा खोक्यात भरून विभागाच्या पत्त्यावर पाठवावे.

एस्कोच्या कपाळी मी एवढेच ठेवते. हा लेख वकीलसाहेबांनी त्याला समोर बसवून पहिल्या अक्षरापासून वाचून दाखवावा. मध्ये उठू देऊ नये.

साक्षीदारांनी मजकूर वाचावा असा आमच्या देशात कायदा नाही; हे मृत्युपत्र आहे एवढे त्यांना ठाऊक असले की पुरते. काल मी एस्कोला फोन केला.

"एस्को, उद्या सकाळी साक्षीदार म्हणून सही करायला येशील? विद्यार्थ्यांच्या निधीचं आहे."

"तुमच्यासाठी कधीही, प्रोफेसर. येताना वेलदोड्याचे पाव आणतो."

"यात तुझ्यासाठी काही नाही, बरं का. आधीच सांगते."

तो हसला. "मला ठाऊक आहे. माझं तुम्ही केव्हाच केलंय."

येथे माझे लिहिणे संपले. कोइवुरांता, गुरुवार, दिनांक २१ एप्रिल २०२२.

(सही) आउने एलिना कोर्पेला

आम्ही दोघे साक्षीदार, एकाच वेळी हजर राहून, लिहून देतो की आउने कोर्पेला यांनी हे आपले मृत्युपत्र असल्याचे आम्हांस सांगितले व आमच्यासमोर स्वखुशीने सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या व प्रसन्न दिसत होत्या. मजकूर आम्ही वाचलेला नाही.

(सही) सिर्का यात्तला, परिचारिका, कोइवुरांता

(सही) एस्को पुल्किनेन, प्राध्यापक, कोइवुरांता. उन्हाळ्यातील पत्ता: तळ्याकाठचे घर, कोर्पेला धक्क्याजवळ