सुरभीची दाढ

चि. सुभाष,

तू शिफ्टवरून येशील तेव्हा मी खांबला तुझ्या माईमावशीकडे पोचलेली असेन. सुरभी शेजारी बायजाबाईंकडे आहे. काल दाढ काढलीय, तिला दोन दिवस मऊ भातच द्या.

तिची दाढ मी दुधाची समजले, हे खरं. जुना दात पडतो आणि मग नवा येतो, एवढंच मला ठाऊक. सहाव्या वर्षी मागे काही न पडताच कायमची दाढ येते, हे मला काल डॉक्टरांनी सांगितलं. "पडेल आपोआप," म्हणत मी लवंग धरायला देत राहिले. पण गणपतीत तिचा गाल सुजला, तेव्हा तिला पेणला दाखव, असं मी तुला दोनदा म्हटलं होतं. तू हसलास, "आये, दुधाच्या दातासाठी कोण रजा टाकतो गो?"

काल दवाखान्यात चार माणसांसमोर तुला ते आठवलं नाही. "म्हातारीनं पोरीची दाढ घालवली," एवढंच म्हणालास. तुझे सगळे दुधाचे दात मी माझ्या हातांनी कौलावर टाकलेत रे.

तिचा पुढचा दात हलतोय. तो दुधाचाच आहे, डॉक्टरांना विचारून घेतलं. ओढू नका.

सकाळी वेणी घालताना तिने विचारलं, "आजी गो, माझी नवी दाढ कधी येल?" ती आता येणार नाही, हे तिला तूच सांग. कोणामुळे गेली असं तिने विचारलं, तर दोघांचीही नावं घे.

आई