शुद्ध आजोबा

२ एप्रिल
व्याह्यांकडे जेवलो. घरी येऊन चारदा चूळ भरली. मटारवर नळाचं पाणी ओतलं आणि थेट पातेल्यात! टोमॅटो तर त्या माणसाने शर्टाला पुसून कच्चा खाल्ला. शी! फवारलेल्या भाजीबद्दल मी सगळं समजावून सांगितलं, तर हसले. सुट्टीत नात, आमची बब्बू, त्यांच्याकडे राहणार म्हणे. चार वर्षांची पोर ती! मुलीला ठणकावून सांगितलं, बब्बू आमच्याकडेच येईल, आम्ही उद्यापासून ऑरगॅनिक. उद्यापासून हे ऐनवेळी सुचलं. पण चांगलं सुचलं.

३ एप्रिल
मुलीचा फोन. दर सुट्टीत दोन्ही आजोबांची जुंपते, वीट आला म्हणाली. ती शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे सगळ्यांची परीक्षा घ्यायची खोड. अट घातली की महिनाअखेर दोघांनी लघवी तपासून घ्यायची. ज्याच्या लघवीत कीटकनाशकाचा अंश कमी, त्याच्याकडे बब्बू. व्याही लगेच हो म्हणाले. विनाशकाले विपरीत बुद्धी.

५ एप्रिल
ऑरगॅनिक माल आला. तांदूळ, डाळी, पीठ, फ्लॉवर. सफरचंदं डागाळलेली, वेडीवाकडी. म्हणजे अस्सल. ही म्हणाली, सडकी आहेत. बायकोला अस्सल वस्तूची पारखच नाही.

७ एप्रिल, दुपारी
शिजलेल्या फ्लॉवरमध्ये अळी. अर्धीच. उरलेल्या अर्धीचा विचार करायचा नाही असा निर्धार केला. दोनदा ओकलो. माझं चष्म्याचं दुकान, अख्ख्या गावाला नजर देणारा मी, आणि माझ्या नजरेतून अळी सुटते! अर्थात तिचा रंग डिट्टो फ्लॉवरचा होता. इथे कुणीही फसलं असतं.

११ एप्रिल
तांदळात किडे. डाळीत किडे. पिठाला जाळी, आणि जाळीत काहीतरी वळवळणारं. ही म्हणाली, ऊन दाखवा, निवडून घ्या. दुकान कोण बघणार? बाजारातला सगळ्यात जालीम फवारा आणला आणि धान्याच्या फडताळात मारला. धान्यावर नाही, फडताळात. एवढं भान मला आहे. हिने खिडक्या उघडल्या. मी लावून घेतल्या. वास उडून गेला तर काय उपयोग?

१५ एप्रिल
मेले डब्यांच्या झाकणांच्या खाचेत लपतात. आता झाकणं काढून मारतो, रोज सकाळ-संध्याकाळ. आत उडतं थोडंफार. पण तांदूळ आपण धुतोच की.

१८ एप्रिल
दुकानात एका बाईंना विषमुक्त आहार समजावला. त्यांच्या खाण्यात रोज किती विष जातं तेही सांगितलं. बाई नंबर न तपासताच निघून गेल्या. लोकांना सत्य पचत नाही. मलाही हल्ली काही पचत नाही, डोकं सारखं दुखतं. शरीरातली जुनी घाण बाहेर पडत असणार.

२३ एप्रिल
बब्बूसाठी छोटी ताटली आणली, ससा असलेली. हिने विचारलं, एवढी घाई कशाला? घाई कसली, निकाल लागल्यातच जमा आहे. खरं सांगायचं तर गेल्या सुट्टीत ती तिकडे होती तेव्हा घर खायला उठलं होतं. हे फक्त इथे लिहितोय.

२६ एप्रिल
लॅबमध्ये बाटली दिली. व्याही भेटले. मला त्यांची कीवच आली. मनाला लावून घेऊ नका म्हणालो. ते म्हणाले, तुमचे डोळे लाल दिसतायत, बरं आहे ना? हरायच्या आधीच विषय बदलतात.

३० एप्रिल
लॅबच्या बाईंचा फोन. माझा आकडा व्याह्यांच्या कितीतरी पट. मी म्हटलं, बाटल्या बदलल्या असतील. त्यांनी विचारलं, घरात फवारा मारता का? म्हटलं, मारतो, पण जेवणावर नाही. धान्याचे डबे उघडे असतात का? बाई जरा जास्तच चौकस. नेमका फोन स्पीकरवर होता आणि ही मागे उभी.

हिने धान्य पोत्यात भरून बाहेर काढलं. मग सांगितलं की फवारा आल्यापासून ती बहिणीकडे जेवते आहे. मला पत्ताच नाही. मी दुकानात असतो, आणि संध्याकाळी भूक नाही म्हणायची. मुलीलाही हिनेच कळवलं. घरचा भेदी.

१ मे
व्याह्यांनी फोन केला. चुकूनही हसले नाहीत. डॉक्टरला दाखवून या म्हणाले, वाटल्यास मी बरोबर येतो. याचाच जास्त राग आला. मग त्यांनी बब्बूला फोन दिला.

मी विचारलं, कशी आहेस? तिने हळूच विचारलं, "आजोबा, तुमच्या घरात विष आहे ना?"

म्हटलं, होतं थोडंसं. आता नाही.

"मग तुम्ही तिथे का राहत होता?"

काहीतरी छान सांगायचं होतं. फोन हिच्या हातात दिला आणि म्हटलं, सांग तिला, आवाज येत नाहीये.