तुझ्या नावाने लिहिलेली पत्रं

आई, त्या नर्सचा मला किती राग यायचा, हे तू होतीस तेव्हा कधी बोलले नाही. राग तरी कशाला म्हणू, सरळसरळ हेवा होता. ती बाबांच्या हॉस्पिटलमधली शिकाऊ नर्स, नायजेरियातल्या बियाफ्राची. तिकडे यादवी पेटली, घरची पत्रं येईनाशी झाली, तेव्हा बाबांनी तिला आपल्या लीड्सच्या घरी राहायला आणलं आणि माझी खोली तिला दिली. मी अकरा वर्षांची. पुढची दोन वर्षं मी बॉक्सरूममध्ये सूटकेसांच्या शेजारी झोपले.

तुला इंग्रजी येत नव्हतं, तिला मराठी. तरी तुमचं कसं जमायचं कोण जाणे! सहाच्या बातम्या लागल्या की तू तव्यावरची पोळी तशीच टाकून यायचीस. "काय म्हणतायत गं? तिच्या गावाचं काही?" मी म्हणायचे, "नथिंग स्पेशल." तिची आई उपासमारीत गेल्याचं कळलं त्या दिवशी ती तुझ्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती आणि मी दारात उभी होते. वाईट मलाही वाटलं, पण तुझ्या मांडीवर आता जागा नाही, हे मला आधी दिसलं. तिच्या फायनल परीक्षेच्या सकाळी तू तिच्या तळहातावर दही घातलंस. माझ्या इलेव्हन-प्लसला, हायस्कूलच्या प्रवेशपरीक्षेला, विसरली होतीस. विचारलं तर म्हणालीस, "अगं, तू हुशार आहेस, तुला कशाला लागतंय?"

युद्ध संपलं आणि ती परत निघाली. तिकडे आता नर्सेस लागतील म्हणाली. दारात तू तिला शिकवलंस, जाते म्हणू नये, येते म्हणावं. सुंठीवाचून खोकला गेला, असं मला वाटलं. पण मग पत्रं सुरू झाली. हॉस्पिटलला छप्पर नाही, भिंतींना गोळ्यांची भोकं आहेत, बायका डोक्यावरून विटा वाहतायत, शाळा झाडाखाली भरते. ती पत्रं तुला वाचून दाखवायची मी आणि उत्तरंही लिहायची मीच. तू गॅसपाशी उभी राहून सांगतेस, "लिही, बाळा, पोटभर जेवत जा. लिही, ताटं मांडताना अजून एक जास्तच मांडलं जातं." मी लिहिते, आम्ही सगळे ठीक आहोत, तूही असशील अशी आशा आहे.

"एवढं बोलले मी, आणि दोनच ओळी?"

"इंग्लिशमध्ये तेवढंच होतं, आई."

तू विश्वास ठेवायचीस.

मग तिचं ते लांबलचक पत्र आलं. मी सोळा वर्षांची होते, म्हणजे अजाण नव्हते. तिने नव्याने घर बांधलं होतं, वर पत्रेही चढले होते, तेवढंच मी तुला वाचून दाखवलं. पुढे तिने लिहिलं होतं, तुमच्या आईसाठी एक खोली ठेवली आहे, महिनाभर तरी तिला पाठवा. माझी आई राहिली नाही, तेव्हा या घरातली पहिली चूल तिने पेटवावी.

तू पदराला हात पुसलेस. "मला बोलावलं नाही तिने?"

"नाही."

"असू दे. नवा संसार आहे, राहून जातं," म्हणालीस आणि भाजी ढवळायला लागलीस. त्यानंतर तू मला कधी पत्र लिहायला बसवलं नाहीस. तिची आणखी दोन पत्रं आली. ती मी तुला दाखवलीच नाहीत, मग तीही थांबली.

महिनाभर तू तिची झाली असतीस, ते मला सोसलं नसतं. बरं, तेव्हा लहान होते म्हणून सोडून देता येईल. पण तू गेलीस तेव्हा मी चांगली संसारी बाई होते. तिचा पत्ता माझ्याकडे होता. तिला कळवायचं पत्र लिहिलंही, आणि टाकलं नाही. तुझ्यासाठी रडणारी मुलगी मी एकटीच असावी, असं वाटलं. अजूनही वाटतं.