उभ्याउभ्या सुचलेल्या आयडिया

३ तारीख, सोमवार
आज लॉन्ड्रीच्या दाराशी लाल पेटी लागली. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, ज्याला नवी आयडिया सुचेल त्यानं चिठ्ठी टाकायची, सगळ्यांत कल्पक माणसाचा सत्कार. म्हणाल्या सगळ्यांना, पण बघत होत्या माझ्याकडेच. मी तिसरी पास, पण डोकं काय शाळेत वाटतात? दवाखान्याच्या चादरींच्या घड्या घालताघालताच सुचलं. चिठ्ठी टाकली: घड्या बसूनही घालता येतात. स्टूल द्या. डॉक्टर म्हणतोय, बसा नाहीतर काम सोडा. सोडायचं कशाला? आठवड्यात स्टूल येतंयच.

१० तारीख
नाही आलं. सुपरवायझर म्हणाला, आजी, आयडिया नवी पाहिजे, स्टूल तर जुनीच गोष्ट. बरोबर आहे त्याचं. आता स्टूलबद्दल एक अक्षर लिहायचं नाही.

११ तारीख, जेवणाची सुट्टी
चिठ्ठी टाकली: उभं राहण्याची नवी पद्धत. खाली खुलासा: बसून.

१९ तारीख
गुडघे टम्म सुजलेत. नात तेल चोळताना म्हणाली, आजी, सोड ना गं आता. म्हटलं, बाळा, कंपनी माझ्या चिठ्ठ्यांवर विचार करतेय, मधूनच उठून जाणं बरं दिसतं का? नवव्या चिठ्ठीत चित्रच काढलं. चौथा पाय काही जमला नाही. मॅडमनी जाताजाता पेटीवरून हात फिरवला. उघडली नाही, पण जीव आहे बाईचा त्या पेटीवर.

२८ तारीख
पेटी उघडली! आख्ख्या लॉन्ड्रीच्या मिळून बारा चिठ्ठ्या. बाराच्या बारा माझ्या. बिनविरोध निवडून आले! मॅडमनी चिठ्ठ्या मोजल्या, वाचायला बिचारीला सवड कुठली. मग सव्वा तास भाषण, की कर्मचाऱ्यांचं ऐकून घेतलं की त्यांना नवंनवं सुचतं. मी शेजारी. अर्थात उभी. फोटोपुरतं मात्र मॅडमच्या खुर्चीत बसवलं. काय मऊ होती!

३० तारीख
आणि आज स्टूल आलं! चांगलं चार पायांचं, थेट माझ्या टेबलापाशी. मी पदरानं पुसून घेतलं. तेवढ्यात शिपाई त्यावर चढला, माझ्यामागच्या भिंतीत खिळा ठोकला, माझा फोटो टांगला आणि स्टूल काखेत मारून गेला. उंची अगदी माझ्या मापाची होती.

दिवसभर फोटोतली मी बसलेली, खालची मी उभी.

खिळा जरा सैलच वाटला. फोटो पडला की स्टूल परत आणावंच लागणार. उद्या त्या बाजूला चादरी जरा जोरात झटकीन.