माझ्या किलर पेशी

३ मार्च
आजपासून रोजनिशी. थोर संशोधकांची असतेच. विषय: रक्तातल्या नॅचरल किलर पेशी. समोर कॅन्सरची पेशी दिसली की यांच्या आत सिग्नल जातो आणि या तिला मारून मोकळ्या. कधीकधी मात्र आपल्याच शरीरावर उलटतात. तो सिग्नल अडवणारं रसायन, म्हणजे इनहिबिटर, मी शोधणार. पीएच.डी.ला मुदतवाढ द्यायची की नाही, हे गाइड मॅडम महिनाअखेरीस ठरवतील. नाही दिली तर सासऱ्यांचं रंगाचं दुकान. तो प्रश्नच येत नाही.

९ मार्च
प्रयोग उद्या. आज पिपेट ओळीने लावून ठेवल्या. पाया भक्कम हवा.

१४ मार्च
प्रयोगासाठी स्वतःचं रक्त काढून दिलं. विज्ञानासाठी रक्त आटवतोय, असं बायकोला कळवलं. ती म्हणाली, येताना दूध आणा. विसरलो.

१७ मार्च, दुपार
जिंकलो! इनहिबिटर घातल्यावर माझ्या किलर पेशी ढिम्म. शेजारी कॅन्सरच्या पेशी मजेत. आणि इनहिबिटरशिवाय? धडाधड मारलं! इनहिबिटरशिवायची प्लेट लॅबमधल्या ज्युनिअरची आहे, तिच्या रक्ताची. तिने आधीच करून ठेवली होती, मग पुन्हा कशाला उठाठेव? रक्त ते रक्त.

१८ मार्च
ज्युनिअर म्हणाली, सर, दोन्ही प्लेटा एकाच माणसाच्या रक्ताच्या हव्यात ना? मत्सर. वयच तसं आहे, मनावर घेतलं नाही.

२२ मार्च
सासऱ्यांना फोनवर ठणकावलं, दुकानासाठी दुसरा माणूस बघा. बरं म्हणाले. बायको नुसती बघत राहिली. अभिमानाने असावं.

२६ मार्च
मॅडमनी आलेख पाहिला. म्हणाल्या, दोघांचंही रक्त घ्या, दोन्ही प्रकारे पुन्हा करा. औपचारिकता! ज्युनिअरला करायला सांगितलं.

३० मार्च
ज्युनिअरच्या पेशींनी इनहिबिटर घालूनही धडाधड मारलं. माझ्या पेशी इनहिबिटर न घालताही बसून राहिल्या. म्हणजे इनहिबिटर काहीच करत नाही. माझ्या पेशीही.

मुदतवाढ नाही. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. टेबल आवरताना रडू आलं. ज्युनिअरने खोकं धरलं.

बायकोला सगळं सांगितलं. पेशींचं ऐकून तिला नवल वाटलं नाही.

संध्याकाळी सासऱ्यांना फोन केला. म्हणाले, तुम्ही सांगितलंत म्हणून लगेच दुसरा माणूस ठेवला. चटपटीत आहे.