बटाट्याच्या ब्रेडवरची चार बोटं

पंचवटी, नाशिक
८ जानेवारी २०२५

ती. सिंधुमावशीस,
यशश्रीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्याचा तू भलताच अर्थ लावतेस, म्हणून पत्र. नवरोबा देवव्रत हे ओझरच्या कारखान्यात शेखरदादाला देईल, दादा संध्याकाळी दिंडोरीला घरी आला की तुला देईल. उत्तर त्याच वाटेने पाठव.

तू शिकवलेला बटाट्याचा ब्रेड इथे बसतोय. एकदा नाही, पाचदा. सगळं तुझ्यासारखंच करते. उकडलेला बटाटा कुस्करून मैद्यात, ठेचलेला लसूण, पुदिना, कोथिंबीर, ओव्याची पानं. पीठ पहिल्यांदा छान दुप्पट होतं. मग गोळे वळून ओल्या फडक्याखाली ठेवते आणि तासभर माडीवरची कामं उरकते. खाली येऊन बघते तर गोळा चपटा, वर खळगे. भाजला की वीट.

तू जिथे स्वयंपाक करायचीस, त्या द्राक्षबागेतल्या गेस्ट हाउसवाल्यांनी २६ तारखेला चव बघायला बोलावलंय. आवडला तर दर शनिवारी बारा ब्रेड. लग्नाला सहा महिने झाले, या घरात माझं म्हणावं असं हे पहिलंच काम आहे गं. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात लसूण चालत नाही, तरी त्यांनी मागची खोली दिली. आता मी कुठल्या तोंडाने म्हणू की जमत नाही?

थोरल्यांना नमस्कार. तुझा लोभ तरी बसू नये, एवढंच.

तुझी,
यशश्री

दिंडोरी
१० जानेवारी

चि. सौ. यशीला,
मावशीचे पोटभर आशीर्वाद.

मला ऐकू येत नाय हे खरं, पण मला नको ते आणखीच ऐकू येत नाय, हे तू ध्यानात ठेव.

बटाटा गरम गरम घालते का? मग यीस्ट मरतं. थंडी लय पडलीय, इथं बागेत शेकोट्या पेटवल्यात. पण मी रातभर इचार केला. थंडीनं बसायचं तर पहिल्या वेळीच बसलं असतं. म्हंजे पिठात खोट नाय. खोट त्या तासात हाय.

दोन गोळे कर. एक रोजच्या जागी ठेव, एक कपाटात घालून किल्ली कमरेला लाव. आणि त्या तासाला घरात कोण असतं, काय नवं चाललंय, समदं लिही. तोवर माझ्या जिवाला चैन नाय.

तिळगूळ शेखरपाशी दिलाय. त्यानं वाटेत खाल्ला नाय तर पोचेल.

तुझी लोभी मावशी,
सिंधू

पंचवटी
१६ जानेवारी

ती. सिंधुमावशीस,
शि. सा. न. वि. वि.

संक्रांत झाली. सासूबाईंनी माझ्यासाठी हलव्याचे दागिने घरी केले. चार दिवस परातीपुढे बसून एकेक दाणा काटेरी केला. मी काळ्या साडीत मिरवले.

आता तू सांगितलेली परीक्षा. कपाटातला गोळा असा फुगला की टिनाबाहेर आला. बाहेरचा बसला. यावेळी मी नीट वाकून बघितलं. ते खळगे बोटांचे आहेत, मावशी. चार बोटं, मुळापर्यंत दाबलेली.

त्या वेळी मामंजी रामकुंडावर यजमानांकडे असतात, देवव्रत ओझरला. घरात फक्त सासूबाई. तू नवं काय म्हणून विचारलंस. मागच्या मोरीत हल्ली पिळलेल्या लिंबाच्या फोडी दिसतात. आणि सासूबाई एवढ्या थंडीत तिथेच गार पाण्याने दुपारी दुसऱ्यांदा आंघोळ करतात. का, ते कळत नाही.

लसूण नको होता तर तोंडावर सांगायचं. मी काही बोलले नाही, पण मला फार लागलंय. ज्या हातांनी दागिने केले त्याच हातांनी माझा ब्रेड बसवावा, हे मनाला पटतच नाही. २३ तारखेला ओव्हन उचलून तुझ्याकडे येते. तिथेच भाजू.

तुझा लोभ आहे म्हणून एवढं लिहिलं.

यशश्री

दिंडोरी
१८ जानेवारी

विहीणबाई गोदावरीबाईंना,
दिंडोरीच्या सिंधूचा नमस्कार.

पोरीला उत्तर न देता तुम्हालाच लिहिते. राग मानू नका. यशी म्हणते, तुम्ही तिच्या ब्रेडात बोटं घालता.

माझी आई कणीक मळून ठेवली का वर चार बोटं दाबायची. आम्ही इसरलो का ओरडायची. का, ते तिनं कधी सांगितलं नाय. तुमचं तेच हाय का, एवढंच इचारते. त्या बोटांनी तिचा ब्रेड बसतो, हे तुम्हाला ठाऊक नसावं असं माझं मन सांगतं.

पोर २३ ला ओव्हन घेऊन निघायची म्हणते. माझ्या घरात ओव्हनला जागा हाय, पण असा यायला नको.

माया ठेवा, दोघींवर.

सिंधू

पंचवटी
२० जानेवारी

सिंधुबाई यांस,
गोदावरीचा स. न. वि. वि.

बोटं माझीच. तुमच्या आईंचं आणि माझं एकच.

आमच्या घरातून रोज सकाळी पिंडांचा भात रामकुंडावर जातो. तीस वर्षं मी तो शिजवते आहे. पिंड गुळगुळीत असतो, त्यावर बोटं उमटवत नाहीत. म्हणून घरच्या कणकेवर उमटवायची, की हा जित्या माणसांचा घास आहे. मागच्या खोलीत फडक्याखाली तसाच पांढरा, गोल, बिनबोटांचा गोळा दिसला की मला पिंडच आठवतो. आणि देवव्रत अजून ओझरहून मोटरसायकलवर परतायचा असतो.

सुनेला सांगायचं तर ते सगळं तोंडाने उच्चारावं लागतं. सहा महिन्यांच्या नव्या नवरीपुढे मी ते कसं बोलू? म्हणून जाता जाता गुपचूप बोटं दाबायची. लसणाचा हात देवघराला चालत नाही, घरात येऊन गीझरलाही लावता येत नाही. मग लिंबू चोळायचं आणि मागेच आंघोळ. ब्रेड त्यानेच बसतो हे मला कुणी सांगायचं? मी तर ओव्हन बिघडला समजून ह्यांना दुरुस्तीवाला बघायला सांगितलं होतं.

तुम्हीच तिला समजवा. तिच्यापुढे मला धीर होत नाही. आणि ओव्हन नेऊ नको म्हणावं.

स्नेह आहेच, तो असाच राहू द्या.

गोदावरी

पंचवटी
२७ जानेवारी

ती. सिंधुमावशीस,
शि. सा. न. वि. वि.

सासूबाईंचं पत्र तू माझ्याकडे पाठवलंस, त्याखाली एकच ओळ: बोटं आधी लावा, फुगायला तास मिळेल. मागच्या खोलीत बसून मी ते तीनदा वाचलं. मग खूप रडले. मनात काय काय आणलं होतं मी.

काल पहाटे गोळे वळल्या वळल्या त्यांना हाक मारली आणि म्हटलं, तुम्ही बोटं लावा, त्याशिवाय मी फडकं टाकणार नाही. त्यांनी पदर खोचला. मग एकेका गोळ्यावर चार बोटं दाबली. ते खळगे ठेवूनच ब्रेड फुगले. मी त्यांत लसणाचं तेल सोडलं. गेस्ट हाउसच्या आचाऱ्याने विचारलं, हे खळगे कसले. मी म्हटलं, घरची रीत आहे. शनिवारपासून बारा ब्रेड द्यायचे ठरले.

एक लहानसा बिनलसणाचा केला होता. सासूबाईंनी तो तूप लावून खाल्ला आणि बटाटा चांगला मुरलाय म्हणाल्या.

आणखी एक. काल त्या बोटं लावून मागच्या मोरीत गेल्या, तेव्हा बादलीत कढत पाणी काढलेलं होतं. ते मी आधीच तापवून ठेवलं होतं. आतून त्यांनी हाक मारून विचारलं, पाणी कुणी ठेवलं. मी म्हटलं, मी. मग तांब्यामागून तांब्या अंगावर ओतल्याचा आवाज आला.

तुझ्या लोभालाही चार बोटं लावून ठेव.

तुझी,
यशश्री